दीड मिनिटाचं उड्डाण आणि बाकीचा खोळंबा

विमानाला किती वेळ लागेल हे काढायचा एक सोपा ठोकताळा आहे. दोन विमानतळांमधलं अंतर घ्यावं, त्याला ताशी ८०० किलोमीटरनं भागावं आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवावा. दिल्ली-चेन्नई असो की लंडन-न्यूयॉर्क, उत्तर बऱ्यापैकी जवळ येतं. माणूस समाधानानं कॅल्क्युलेटर बंद करतो. हा ठोकताळा ज्यानं कुणी काढला त्याला कुणीतरी एकदा बेटावर नेऊन सोडायला हवं होतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. बेटं सत्तरच्या आसपास, त्यांतली माणसं राहतात अशी वीसेक. बाकीच्यांवर पक्षी, सील आणि वारा. समूहाच्या उत्तर टोकाला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही शेजारी-शेजारी बेटं आहेत. दोन्हींवर विमानतळ आहे आणि त्या दोन विमानतळांमधलं अंतर आहे २.७ किलोमीटर. लोगनएअर कंपनीनं १९६७ मध्ये या टप्प्यावर विमानसेवा सुरू केली. हौसेची फेरी नव्हे. वेळापत्रकात छापलेली, तिकीट काढून, पट्टा बांधून करायची रीतसर सेवा. जगातला सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास म्हणून गिनेसच्या दप्तरी तिची नोंद आहे.

ठोकताळ्याप्रमाणे या प्रवासाला ३० मिनिटं १२ सेकंद लागायला हवीत. त्यातली १२ सेकंदं प्रवासाची आणि अर्धा तास शिष्टाचाराचा. वेळापत्रकात दोन मिनिटं दिली आहेत. प्रत्यक्षात दीड मिनिटात भागतं. वारा मनासारखा असला तर त्याहूनही लवकर, आणि विक्रम आहे ५३ सेकंदांचा.

दोन मिनिटांच्या हिशेबानं सरासरी वेग येतो ताशी ८१ किलोमीटर. मोटारीला हा आकडा शोभेल, विमानाच्या तोंडावर सांगू नये. ५३ सेकंदांच्या विक्रमात तो १८३ पर्यंत जातो, तेव्हा कुठे जरा अब्रू राहते.

हा विक्रम स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाच्या नावावर आहे. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा टप्पा बारा हजारांहून जास्त वेळा पार केला. बारा हजार हा आकडा ऐकून छाती दडपते, पण गुणाकार करून पाहावा. बारा हजार गुणिले २.७ म्हणजे ३२,४०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ चाळीस हजारांच्या थोडा वर. म्हणजे बारा हजार वेळा विमान उडवूनसुद्धा एका पृथ्वीप्रदक्षिणेला साडेसात हजार किलोमीटर कमीच पडतात.

या मार्गावरचं विमान म्हणजे ब्रिटन-नॉर्मन कंपनीचं आयलँडर. १९६५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि त्याचा जन्मही वाइट नावाच्या बेटावरचा, म्हणजे बेटावरच्या माणसांची गैरसोय जन्मापासून माहीत असलेलं. दोन पंखे, वर पंख, आठ-नऊ प्रवासी. आत मधून चालायला वाटच नाही. दोन्ही अंगांना दारं आहेत, त्यांतून वाकून आपापल्या रांगेत शिरायचं. सांगली-साताऱ्याकडच्या वाचकाला हे पाहिल्याबरोबर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, आठवेल. कोण कुठे बसणार हे इथेही चालवणाराच ठरवतो. ‘तुम्ही मागे या, तुम्ही पुढे व्हा’ असं तो सांगतो, आणि ते मुकाट्यानं ऐकायचं असतं, कारण प्रश्न मानपानाचा नसून विमानाच्या तोलाचा असतो. फरक एवढाच की वडापमध्ये ‘अजून एक बसतोय’ हे वाक्य शेवटपर्यंत चालू राहतं, इथे ते वजनाशी येऊन थांबतं. गर्दी असली तर वैमानिकाच्या शेजारच्या जागेवरही प्रवासी बसतो. समोर सगळी घड्याळं आणि काटे. कशालाही हात लावायचा नाही, एवढीच अट.

मग वैमानिक मान मागे वळवून सूचना देतो. पट्टा कसा लावायचा, दार कसं उघडायचं, लाइफ जॅकेट कुठे आहे. या सूचनांना जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक अख्खं उड्डाण उरकलं असतं. हवाई सुंदरी नाही, चहा नाही, शौचालय नाही. आणि या तिन्हींची उणीव जाणवेपर्यंत विमान उतरलेलंही असतं. चाकं आत घ्यायची भानगड नाही, ती कायमची खाली सोडलेली आहेत. तेच बरं. आत घेतली असती तर लगेच बाहेर काढावी लागली असती. खिडकीतून खाली पाहावं तर एक किनारा संपतो, मध्ये निळं-करडं पाणी आणि पुढचा किनारा सुरू. फोटो काढायला फोन वर करणाऱ्यांनी तो आधीच अनलॉक केलेला बरा. पलीकडे दाबलेल्या खडीची धावपट्टी, छोटीशी इमारत आणि अग्निशमनाच्या गणवेशात उभी असलेली गावातलीच माणसं. विमान गेलं की ती आपापल्या कामाला जातात.

कुणीही विचारेल, एवढ्यासाठी विमान कशाला? पूल बांधावा, पोहावं, नाहीतर बोटीनं जावं. बोट आहेच, तिला पंचवीसेक मिनिटं लागतात आणि ती समुद्राच्या मर्जीनं चालते. खरं कारण निराळंच आहे. हे विमान मुळात कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य गावाहून निघतं. वेस्ट्रेला उतरतं, पुढे पापा वेस्ट्रेला जातं आणि परत कर्कवॉलला येतं. जगप्रसिद्ध दीड मिनिट हा त्या फेरीतला फक्त मधला टप्पा. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण असे रोजचे लोक त्यातून जातात. इतकंच काय, या छोट्या बेटांवर बँकेचा माणूसही विमानानं येऊन खातेदारांची कामं उरकून गेला आहे. त्यांना विक्रमाचं काही अप्रूप नाही. सकाळच्या विमानात पेंगणारा माणूस दिसला तर तो इथला, आणि घड्याळाकडे टक लावून बसलेला दिसला तर तो पर्यटक.

पर्यटकाची गोष्ट मोठी मजेदार आहे. दीड मिनिट उडता यावं म्हणून तो आधी एडिंबरा किंवा लंडन गाठतो, तिथून कर्कवॉल, तिथे मुक्काम, आणि मग वाऱ्याचा, धुक्याचा अंदाज घेत बसणं. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते असं. उतरल्यावर प्रवास केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात घेऊन तो वळून बघतो तर विमान गेलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेवर माणसं होती नव्वद. पुढच्या विमानापर्यंत करायचं काय?

सुदैवानं करण्यासारखं आहे. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘नॅप ऑफ हॉवर’ नावाचं एक दगडी घर आहे, इसवीसनापूर्वी ३७०० च्या सुमाराचं. उत्तर युरोपात अजून उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या घरांपैकी ते एक मानलं जातं. दोन दालनं, मधून जायची बुटकी वाट, भिंतीत दगडी कप्पे. घर शेतकऱ्याचं. पिरॅमिडच्या आधी हजार वर्षं इथे कुणीतरी गुरं बांधून, शिंपले खाऊन निवांत राहत होतं आणि त्याला शेजारच्या बेटावर जायची बहुधा दीड मिनिटाची घाई नव्हती. याच बेटावर १८१३ मध्ये इथला शेवटचा ग्रेट ऑक मारला गेला. हा मोठा समुद्रपक्षी पुढे जगातूनच नाहीसा झाला. त्याला उडता येत नव्हतं. जगातल्या सर्वांत छोट्या उड्डाणासाठी ओळखल्या जाणाऱ्या बेटावर न उडणाऱ्या पक्ष्याचं स्मारक आहे, हा योग कुणी ठरवून आणला असता तर बेतलेला वाटला असता.

ऑर्कनीत ठोकताळा निदान वाऱ्यापुढे हरतो. बारा बेटावर त्याला चंद्र हरवतो. हे बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला. (नावाचा आणि आकड्याचा संबंध नाही, बेट एकच आहे.) इथलं विमान ग्लासगोहून येतं आणि ग्लासगो ब्रिटन नावाच्या बेटावरच असल्यामुळे हाही बेटाहून बेटावरचाच प्रवास. विमान उतरतं ते समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत. धावपट्ट्या तीन, टोकांना खांब रोवून दाखवलेल्या, आणि भरती आली की तिन्ही पाण्याखाली. त्यामुळे विमानाचं वेळापत्रक ओहोटी पाहून बांधावं लागतं. उशिराबद्दल तक्रार करायची तर ती थेट चंद्राकडे.

कॅरिबियन समुद्रात साबा नावाचं डच बेट आहे. बेट कसलं, पाण्यातून वर आलेला ज्वालामुखीचा सुळका. इथे रस्ता होणं शक्य नाही असं जाणत्या अभियंत्यांचं मत होतं. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या स्थानिक माणसानं पत्राद्वारे स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला आणि गावकऱ्यांना घेऊन हातांनी रस्ता बांधायला घेतला. काम १९३८ मध्ये सुरू झालं आणि वीस वर्षं चाललं. रस्ता झाल्यावर साहजिकच विमानतळ हवा झाला. अख्ख्या बेटावर सपाट म्हणावी अशी एकच जागा होती. १९५९ मध्ये रेमी द हानेन या वैमानिकानं तिथे विमान उतरवून दाखवलं आणि १९६३ मध्ये विमानतळ सुरू झाला. धावपट्टी ४०० मीटर. शाळेच्या क्रीडास्पर्धेत चारशे मीटर धावणारी मुलंही शेवटी वळणावर येतात. इथे वळण नाही, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. धावपट्टीवर मोठी फुली काढलेली आहे, ‘इथे उतरू नये’ या अर्थाची. ती ओलांडून ट्विन ऑटर विमानं रोज येतात. शेजारच्या सेंट मार्टिनपासून अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. ठोकताळा म्हणतो तेहतीस मिनिटं. विमान बारा-पंधरा मिनिटांत पोहोचतं. मात्र शेवटच्या मिनिटात प्रवाशाला जे वाटतं, ते कुठल्याच सूत्रात बसत नाही.

आता प्रशांत महासागर. इथे आपला ठोकताळा पहिल्यांदा तंतोतंत बरोबर येतो आणि तरीही तोंडावर आपटतो.

सामोआ हा स्वतंत्र देश आणि अमेरिकन सामोआ हा अमेरिकेचा मुलूख. एकाची राजधानी आपिया, दुसऱ्याची पागो पागो. भाषा तीच, नातीगोती तीच, मध्ये सुमारे १३० किलोमीटर पाणी. भागाकार करून अर्धा तास मिळवला की चाळीस मिनिटं येतात, आणि छोट्या विमानाला साधारण तेवढीच लागतात. फक्त या दोघांच्या मधून आंतरराष्ट्रीय तारीखरेषा जाते. शनिवारी सकाळी दहाला आपियाहून निघालेला माणूस पागो पागोला पोहोचतो शुक्रवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला. अंतर १३० किलोमीटर, लागलेला वेळ वजा तेवीस तास. शाळेत असं उत्तर काढलं असतं तर गुरुजींनी वहीच फेकली असती.

याचे फायदे उघड आहेत. शनिवारचा वाढदिवस सामोआत साजरा करून विमानात बसावं. पलीकडे शुक्रवार असतो, रात्र झोपून काढली की वाढदिवस पुन्हा हजर. पर्यटकांना या गोष्टीचं भारी कौतुक. पण शनिवारचा उपास करणाऱ्या माणसानं या फंदात पडू नये, त्याला दोन उपास घडतील. संकष्टीवाल्यांना ना सूट ना शिक्षा, कारण चंद्रोदय तारीखरेषा मानत नाही.

सामोआ आधी असं नव्हतं. १८९२ पर्यंत हा मुलूख तारखेच्या बाबतीत आशिया-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला होता. मग अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी तो रेषेच्या दुसऱ्या अंगाला गेला, आणि ते जमवण्यासाठी त्या वर्षी ४ जुलै ही तारीख लागोपाठ दोनदा पाळण्यात आली. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, त्यामुळे खुशामतही साधली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत व्यापार फिरला. आता व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी होता आणि तारखेची बाजू चुकीची पडत होती. सामोआत शुक्रवारी कचेऱ्या उघडाव्यात तर तिकडे शनिवार, इकडे रविवारची प्रार्थना चालू असताना तिकडे सोमवारचे फोन. तेव्हा सरकारनं निर्णय घेतला. २९ डिसेंबर २०११ ला, गुरुवारी रात्री, लोक झोपले आणि उठले ते थेट ३१ डिसेंबरला. ३० डिसेंबर आलाच नाही. पंचांग पाहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे क्षयतिथी असते, वृद्धितिथी असते. सामोआनं एकाच देशात दोन्ही करून दाखवल्या, फक्त मध्ये ११९ वर्षं घेतली. न उजाडलेल्या शुक्रवारचा पगार मात्र कामगारांना मिळावा असं सरकारनं ठरवलं. काम न करता पगार जगात पुष्कळांना मिळतो, पण दिवसच नसताना पगार ही सामोआची स्वतःची भर.

अमेरिकन सामोआ होतं तिथेच राहिलं आणि म्हणून चाळीस मिनिटांच्या प्रवासात अख्खा दिवस मागेपुढे होऊ लागला.

याच सामोआनं विमानप्रवासात आणखी एक सरळ व्यवहार आणला. सामोआ एअर नावाच्या छोट्या कंपनीनं २०१३ च्या सुमाराला तिकीट वजनावर लावलं. प्रवासी अधिक सामान, एकूण इतके किलो, त्याला किलोमागे दर. बुकिंग करताना वजन सांगायचं आणि विमानतळावर काट्यावर उभं राहायचं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी यावर भुवया उंचावल्या. पण या कंपनीकडेही आयलँडर जातीचं विमान होतं, आणि आठ-नऊ माणसांच्या विमानात एकेका किलोचा हिशेब ठेवावाच लागतो. ऑर्कनीत वैमानिक जे नजरेनं करतो, ते सामोआत पावतीवर आलं इतकंच. प्रामाणिकपणाचा हा नमुना फार टिकला नाही, आणि त्याचं आश्चर्यही वाटायला नको. माणूस वय सांगेल, पगार सांगेल. तिकीट खिडकीवर वजन खरं सांगणं हे वेगळ्या दर्जाचं धैर्य आहे.

अंतराच्या उलट टोकाचं उदाहरण याच महासागरातलं, ग्वाम आणि होनोलुलू. अंतर सुमारे ६,१०० किलोमीटर, ठोकताळ्यानं आठ तास, आणि थेट विमानाला जवळपास तेवढेच लागतात. पण युनायटेड कंपनीचं ‘आयलंड हॉपर’ म्हणून ओळखलं जाणारं विमान हेच अंतर चूक, पोनपेई, कोसराए, क्वाजालेन आणि माजुरो असे पाच थांबे घेत कापतं. चौदा-पंधरा तास जातात. वाटेत दुरुस्तीची सोय नाही म्हणून मेकॅनिक आणि सुटे भाग विमानातूनच सोबत येतात. क्वाजालेन हा अमेरिकेचा लष्करी तळ, तिथे काम नसलेल्यांनी जागेवरून हलायचं नाही. आणि एवढं करून, ग्वामहून सकाळी निघालेला प्रवासी होनोलुलूला पोहोचतो त्याच तारखेच्या पहाटे, म्हणजे निघायच्याही आधी. पंधरा तासांचं अवघडलेपण कॅलेंडरच्या हिशेबी जमाच होत नाही.

हे सगळं लांबलांबच्या बेटांवरचं म्हणून सोडून देऊ नये. दोन बेटांवरच्या दोन विमानतळांचं एक प्रकरण मुंबईतही आहे.

एकोणिसाव्या शतकात जुहू हे स्वतंत्र बेट होतं. साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून वाळूचा लांबट पट्टा, मध्ये खाडीचं पाणी, ओहोटीला चालत पलीकडे जाता येई. १९२८ मध्ये याच जुहूवर विमानतळ झाला, भारतातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. जागा इतकी सखल की पावसाळ्यात तिचा चिखल होई. मग टाटांचा सगळा कारभार चार महिने पुण्याला हलवावा लागे आणि विमानं उतरत येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. विमानाला पावसाळी मुक्काम करायला लावणारी ही सेवा पुढे एअर इंडिया झाली.

पुढे साष्टीवर, सांताक्रूझला, मोठा विमानतळ आला. जुहूपासून तो जेमतेम साडेतीन-पावणेचार किलोमीटर. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यातल्या अंतरापेक्षा किलोमीटरभर जास्त. वरून पाहणाऱ्याला दोन धावपट्ट्या इतक्या जवळ दिसल्या की घोटाळा होणं ठरलेलंच होतं. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचं कॉमेट हे त्या काळचं अद्ययावत जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. काही दिवसांनी ते तिथून उडवून बाहेर काढावं लागलं. हा धडा पुरेसा व्हायला हवा होता. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तीच चूक करून जुहूला टेकलं आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. जीव कुणाचा गेला नाही, काही जण जखमी झाले, विमान मात्र मोडीत निघालं. लंडनहून हजारो किलोमीटर बिनचूक आलेलं विमान शेवटच्या चार किलोमीटरांत चुकलं.

आता जुहू बेट राहिलेलं नाही, खाडी बुजली. तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात, त्यांतली बरीच बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणारी. जुहूहून सांताक्रूझला जायला रिक्षा करावी लागते. बसताना टी-वन की टी-टू ते आधी स्पष्ट सांगा, आणि संध्याकाळची वेळ असेल तर ठोकताळ्यातला अर्धा तास धरून चालू नका. तासभर हाताशी ठेवा.